शंभरच्या बोर्डावर संथ पट्टी

अंबरनाथला शिवमंदिराच्या वाटेवर एक पिठाची गिरणी होती आणि तिच्या माडीवर बकुळा रणदिवे यांची ‘खासगी तपास’ अशी पाटी होती. गिरणी चालू झाली की वरचं टेबल, चष्मा, पाण्याचा तांब्या सगळं बारीक थरथरायचं. दुपारी बाई डोळे मिटून बसायच्या. त्या झोपल्यात की विचार करतायत, हे त्यांचे सहकारी हिंदुराव यांना आजवर उमगलं नव्हतं. हिंदुराव हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. संशय घेण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं, फक्त तो दर वेळी चुकीच्या माणसावर बसायचा.

अठ्ठ्याण्णव सालचा दसरा नुकताच उरकला होता. जिन्यावर पावलं वाजली आणि एक तरुण दारात उभा राहिला.

“मी धर्मराज ओव्हाळ. उल्हासनगरच्या बाजारात कॉम्प्युटर असेंबल करून देतो. मॅडम झोपल्यात का?”

“बसा,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या. “काय चोरीला गेलं?”

“माझं नाव,” धर्मराज म्हणाला.

हिंदुरावांनी पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

धर्मराज आणि दिनानाथ सुळे शाळेपासूनचे मित्र. दोघांनी मिळून बदलापूरला गेम पार्लर काढायचं ठरवलं होतं. गाळाही बघून ठेवला होता. त्याआधी दिनानाथच्या घरचं जुनं मशीन नमुना म्हणून नवं करायचं होतं.

“मदरबोर्डवरून आमची खूप चर्चा झाली,” धर्मराज म्हणाला. “मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर सगळं बसतं ती पाटी. दिनाला स्वस्तातला हवा होता. त्याच्यावर जुन्या मेमरीच्याही खाचा आणि नवीनच्याही. तो म्हणे, दोन्हीची सोय असलेली बरी. मी म्हटलं, गेमिंगसाठी घेतोय ना? मग फक्त नवीन मेमरी घेणारा, शंभरच्या स्पीडचा घे. मागे वळून बघायचंच नाय. शेवटी त्याने माझं ऐकलं.”

“आणि मेमरी?”

“बत्तीस-बत्तीसच्या दोन पट्ट्या, शंभरवाल्या. हासोमल सेठकडून मीच आणल्या, मीच बसवल्या. संध्याकाळभर गेम खेळलो, एकदाही अडकला नाय. त्याच रात्री मी नागपूरची गाडी पकडली. दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर जातो. परत आलो तर गेम हँग होतोय. आत बघितलं तर एक पट्टी माझी आणि दुसरी सहासष्टची. जुनी, हळू. दिसायला सेम टु सेम, पण शंभरच्या बोर्डावर ती थोडा वेळ धावते आणि मग लटकते.”

“आणि मित्र म्हणतो की ती तुम्हीच घातलीत.”

“बिल्डिंगच्या जिन्यात, सगळ्यांसमोर म्हणाला. चांगली पट्टी खिशात घातली आणि हलकी चिकटवली म्हणे.” धर्मराजने मान खाली घातली. “मॅडम, असं काही झालं की आमच्याकडे बोट आधी वळतं. बाजारात कळलं तर उद्या कोण माझ्या हातात मशीन देईल? पण ते जाऊ द्या. दिना असं म्हणाला, ते झोपू देत नाय.”

तो खाली उतरल्यावर हिंदुराव पुटपुटले, “चोराच्या उलट्या बोंबा असतात बाई. मला तर ह्योच वाटतोय.”

“तुम्हाला वाटतोय ना? मग तो नक्की निर्दोष,” बाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

दिनानाथचं घर मंदिराजवळच्याच एका इमारतीत होतं. वाट दाखवायला धर्मराज सोबत होता. ऑक्टोबरचं ऊन पिवळं होऊन जाळीच्या पडद्यातून आत येत होतं. दाराला झेंडूचं तोरण सुकलं होतं. दिनानाथची बायको सरस्वती हिने हसून तिघांनाही आत घेतलं आणि कॉम्प्युटर चालू करून दिला.

बकुळाबाईंनी आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता. पडद्यावर एक लाल गाडी होती, समोर कधी न संपणारा रस्ता आणि डाव्या हाताला समुद्र. सूर्य मावळतीला आला होता, पण मावळत नव्हता. शर्यत सुरू झाली, बाकीच्या गाड्या भुर्रकन निघून गेल्या. बाई मात्र बैलगाडीच्या वेगाने समुद्र बघत निघाल्या. रस्त्यावर दुसरं कुणी उरलं नाही. हिंदुरावही तोंड उघडं ठेवून बघत राहिले.

आणि एका वळणावर सगळं थांबलं. गाडी अर्धी वळलेली, एक पक्षी आकाशात तसाच, लाट फुटता फुटता राहिलेली. बाईंना उगाचच वाईट वाटलं.

धर्मराजने मशीन बंद करून झाकण काढलं. हिरव्या पाटीवर दोन पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्याने त्या उपसून बाईंच्या हातावर ठेवल्या.

“हिच्या वरच्या कडेला लाल काय आहे?” बाईंनी विचारलं.

“गंजली असंल,” हिंदुराव म्हणाले.

“ही माझीच, शंभरवाली,” धर्मराज म्हणाला. “एकटी घातली तर मशीन अडकत नाय. ही दुसरी, स्वच्छ आहे ती, तीच खोटी.”

बाईंनी स्वच्छ पट्टी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

दिनानाथ बाहेरच्या खोलीत बसला होता. तिशीतला, नीट भांग पाडलेला माणूस. मागे खुंटीला कंपनीचा इस्त्री केलेला गणवेश होता.

“आनंदनगरला असतो मी, एमआयडीसीत. तपासणी खात्यात,” तो म्हणाला. “इतक्या वर्षांत एक लेट मार्क नाही. माझी सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नाही.” एवढं बोलताना त्याचा चेहरा उजळला. मग पडला. “धर्मराजबद्दल बोलायचं तर जीव तुटतो हो. पण पट्टी त्यानंच घातली, नागपूरला जाण्याआधी.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. गेम अडकायला लागला म्हणून पट्टी काढली आणि थेट हासोमलकडे गेलो. शटर वर होत होतं, मीच पहिला. त्यानं हातात घेतली, लगेच म्हणाला, ही माझ्या दुकानातली नाही. मी परत येऊन बसवून ठेवली.”

“लगेच बघितली त्यानं?”

“लगेच. बघायला काय वेळ लागतो?”

स्वयंपाकघरात सरस्वती करंज्यांचं ताट घेऊन उभी होती.

“मला तर सारखं पार्लरच दिसतं बाई,” ती म्हणाली. “बदलापूरचा गाळा, रांगेनं मशीन, मी काउंटरवर. धर्मराजभाऊ बोलायला लागले की ऐकतच राहावं. हे नोकरीचा राजीनामा देणारच होते, मशीन एकदा बिनघोर चालू झालं की. आणि मधेच हे झालं. भाऊ असं करणार नाहीत, माझं मन सांगतं.”

“दसऱ्याची पूजा कुणी केली?”

“मीच. हे सकाळीच कंपनीच्या पूजेला गेले होते. खात्याचा नारळ दर वर्षी यांच्याच हातून फुटतो. इकडे मशीनचं झाकण उघडंच होतं. म्हटलं, आतल्यांनी काय पाप केलंय? पंख्याला, वायरींना, त्या उभ्या पट्ट्यांना, सगळ्यांना कोरडं कुंकू लावलं. कुणाला वगळलं नाही. मग झाकण लावून वर फूल ठेवलं.”

“यांना सांगितलंत?”

“त्यात सांगायचं काय?”

बाईंनी करंजी खाल्ली आणि डोळे मिटले. हिंदुराव घाबरले. परक्याच्या स्वयंपाकघरात झोपणं बरं दिसत नाही, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं उल्हासनगरला पोचले तेव्हा हासोमल सेठ उदबत्ती ओवाळत होता. दुकानभर धूर होता आणि धुरात कॉम्प्युटरचे रिकामे खोके तरंगल्यासारखे दिसत होते. बाईंनी पर्समधून पट्टी काढली.

सेठने हात मागे घेतला. “बैठो बाई, चाय पियो. पर ये अभी अंदर रखो. बोहनी नहीं हुई. खराब माल का मुँह मैं बोहनी के पहले नहीं देखता. मेरा बाप भी नहीं देखता था.”

“नुसती बघायची आहे,” हिंदुराव म्हणाले. “आम्ही तपासवाले हाय.”

“कोई भी हो साईं. भगवान भी रिटर्न लेके आए तो पहले बोहनी.”

चहा आला. एक बाई मुलासाठी माउस घेऊन गेली. सेठने पैसे कपाळाला लावले आणि मगच पट्टी हातात घेतली.

“ये मेरी नहीं है. मैं हर पट्टी पे अपना छोटा स्टिकर मारता हूँ. धर्मराज को दो सौ टका असली माल दिया था, उसने मेरे सामने देखके लिया. लडका अच्छा है.”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिनानाथ सुळे नावाचे गृहस्थ आले होते?”

सेठने डोकं खाजवलं. “त्योहार की भीड थी बाई. कौन आया, कौन गया, याद नहीं. झूठ क्यों बोलूँ?”

बाहेर आल्यावर हिंदुराव हिरमुसले. “म्हणजे काहीच हाती लागलं नाही.”

“हिंदुरावकाका, आज जे हाती लागलं ते चहासकट लागलं,” बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी दिनानाथच्या घरी पाच माणसं जमली. बाहेर अजून उजेड होता. वर गच्चीवर पातेली आपटल्याचा आवाज येत होता, कोजागिरीची तयारी चालली होती. धर्मराज दाराजवळ उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

“ज्या पट्टीवर लाल होतं, तो गंज नव्हता,” बकुळाबाईंनी सुरुवात केली. “ते दसऱ्याचं कुंकू. सरस्वतीबाईंनी उभ्या पट्ट्यांना लावलं, कुणाला वगळलं नाही. मग दुसरी पट्टी स्वच्छ कशी? कारण पूजेच्या वेळी ती तिथे नव्हतीच. ती नंतर आली. आणि पूजेच्या वेळी धर्मराज नागपुरात होता. परतला तेव्हा मशीन अडकायला लागलेलं होतं.”

सरस्वतीने तोंडावर हात घेतला. धर्मराजने भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.

“मग सेठ?” हिंदुरावांनी विचारलं.

“सेठ या घरात आलाच नाही. पट्टी बदलली ती घरातल्या कुणीतरी. सरस्वतीबाईंना आत कुंकू आहे हे ठाऊक होतं. त्यांनी बदलली असती तर त्या दुसरीलाही कुंकवाचं बोट लावलं असतं. ज्याला पूजेचं ठाऊक नव्हतं, जो तेव्हा कंपनीत नारळ फोडत होता, त्याच्याच हातून हे निसटू शकतं.”

दिनानाथने खुंटीवरच्या गणवेशाकडे पाहिलं.

“शिवाय तुम्ही शटर वर होताना पहिले पोचलात आणि हासोमलने तक्रारीची पट्टी लगेच हातात घेतली, असं म्हणालात. त्या माणसाला देव भेटला तरी तो आधी बोहनी करील. तुम्ही त्याच्याकडे गेलाच नाहीत. जायची गरजच नव्हती, पट्टी कुठली आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“पण का?” सरस्वती पुटपुटली. “यांनाच तर पार्लर काढायचं होतं.”

“कुणी सांगितलं? यांनी कधी म्हटलं?” बाईंचा आवाज मऊ झाला. “बोर्ड निवडताना हे काय म्हणाले, आठवा. जुन्याचीही सोय असू दे. मशीन बिनघोर चाललं की राजीनामा, असं ठरलं होतं. तेव्हा मशीन बिनघोर चालायला नको होतं. गणवेशाची इस्त्री मोडलेली नाही, दिनानाथराव. चोरी करायची नव्हती तुम्हाला. ती पट्टीही तुम्ही जपूनच ठेवली असणार.”

मग दिनानाथ उठला, खुंटीवरच्या गणवेशाच्या खिशात हात घातला आणि कागदात गुंडाळलेली पट्टी टेबलावर ठेवली. तिच्या कडेला कुंकू होतं.

“दोघंही स्वप्नात होतात,” तो म्हणाला. “ही काउंटरवर बसलेली, हा रांगेनं मशीन मांडणारा. या घरात मी एकटाच जागा होतो. मला तिथं जायचंय, आनंदनगरला, रोज. माझी सही लागते तिथं. याच्याच तोंडून ऐकलं होतं की हळू पट्टीनं मशीन अडकतं, म्हणून बाजारातून एक जुनी आणून घातली. मशीन अडकलं की दोघं आपोआप गप्प बसाल, एवढंच मनात होतं. पण याने झाकण उघडलं, पट्टी ओळखली, म्हणाला, कुणी बदलली? आणि माझ्या तोंडून याचंच नाव निघालं.”

“नाय म्हणायचं होतंस ना, दिना,” धर्मराज म्हणाला. “दोन दिवस भांडलो असतो. तिसऱ्या दिवशी चहा प्यायलो असतो.”

“तुझ्यापुढं ‘नाही’ म्हणवत नाही मला. शाळेपासून.”

“‘चोर’ म्हणवलं.”

सरस्वती रडत होती, पण कोणाकडे जावं ते तिला कळत नव्हतं. हिंदुराव उगाच खिडकीपाशी गेले. डोंगराच्या वर मोठा, तांबूस चंद्र आला होता.

“पार्लर मी एकटा काढीन,” धर्मराज म्हणाला. “नोकरी कर तू, मला राग नाय. पण तू जिन्यात बोललास. सगळ्यांनी ऐकलं. आता ते सगळे गच्चीवर आहेत.”

दिनानाथने त्याच्याकडे पाहिलं. मग चप्पलही न घालता तो बाहेर पडला आणि जिना चढू लागला. सरस्वती डोळे पुसत त्याच्या मागे गेली.

धर्मराज वर गेला नाही. तो जिन्याच्या तळाशी थांबला. बकुळाबाई आणि हिंदुराव त्याच्या मागे उभे राहिले. वर हसणं चाललं होतं, कुणीतरी दुधात साखर कमी असल्याचं ओरडत होतं. मग एकेक आवाज गळत गेला.

“पट्टी मी बदलली होती,” वरून दिनानाथ म्हणाला. प्रत्येक शब्द खाली पोचला. “धर्मराजनं काही केलं नव्हतं. मी खोटं बोललो.”

धर्मराज पहिल्या पायरीवर बसला आणि तोंड ओंजळीत लपवून रडला. हिंदुरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.