खेपटे खाडीतला निरुपयोगी चिखल

खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या कमरेएवढ्या तिवराच्या झुडपांपाशी जास्त कार्बन साठतो, की डोंगरावरच्या पन्नास फुटी जंगलात? खेपटे खाडीच्या सर्वेक्षणाला आलेल्या यंत्रमानवाला हा प्रश्न पडलाच नाही. प्रश्न पडू नयेत, अशीच त्याची बांधणी होती. त्याला खेकड्यासारखे आठ पाय होते आणि नियम एकच: जे उभं आहे ते मोजायचं. गेल्या वर्षी ओहोटीची वाट बघत उभे असलेले उर्मी कुबलचे आजोबाही त्याने मोजले होते. सरकारदरबारी ते अजून मध्यम वाढीचं, किंचित वाकलेलं झाडच होते. दुरुस्तीसाठी त्यांनी दोनदा अर्ज केला. झाडाला अर्ज करता येत नाही, असं उत्तर आलं.

यंदाचा अहवाल त्याहून वाईट होता. झुडपं खुजी, कार्बन नगण्य, चिखल निरुपयोगी. सबब चिखल उपसून, भराव घालून तिथे हवामान रक्षण भवन बांधावं. झुडपं कुंड्यांत लावून भवनाच्या दारात ठेवावीत, म्हणजे निसर्गाची हानी होणार नाही. खोदाईचं मशीन सोमवारी येणार होतं.

आजोबा चाळीस वर्षं याच चिखलाचा अभ्यास करत होते. त्यातली पाच वर्षं उर्मी त्यांच्यामागून तो तुडवत होती आणि ती आता बारा वर्षांची होती. रविवारी ओहोटीला तिने यंत्रमानवाला बोलावून घेतलं. आजोबांनी पोकळ नळा पुरुषभर खोल दाबला आणि अलगद वर ओढला. आत चिखलाचे थरावर थर होते. अगदी तळाच्या थरातही पानाचा तुकडा आणि बारीक मुळं ओळखू येत होती. हा थर साताठशे वर्षांपूर्वीचा, असं आजोबा म्हणाले.

"सदर पान उभे नाही," यंत्रमानव म्हणाला.

मग आजोबांनी त्याला शांतपणे सगळं समजावलं. झाड हवेतला कर्बवायू (प्राणी उच्छ्वासातून सोडतात तो) आत घेतं आणि त्यातल्या कार्बनची पानं, खोड, मुळं बनवतं. डोंगरावर पान गळलं की जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) प्राणवायू घेऊन ते खातात आणि बराचसा कार्बन पुन्हा हवेत जातो. इथला चिखल मात्र सदा पाण्याने गच्च. बोटा-दोन बोटांखाली प्राणवायू पोचतच नाही. तिथले जिवाणू सरकारी कार्यालयाच्या वेगाने काम करतात. त्यात प्रत्येक भरती नवा गाळ आणून वर पांघरूण घालते. म्हणून कार्बन शेकडो वर्षं खालीच राहतो.

"म्हणजे झुडूप हा नुसता भात वाहणारा गडी," उर्मी म्हणाली. "भात साठवायची कणगी खाली आहे. आणि ती फोडली तर?"

तर, आजोबा म्हणाले, हवा आत शिरते, जिवाणूंना जोर चढतो, शतकांची साठवण कर्बवायू होऊन वर जाते आणि पृथ्वी आणखी तापते.

यंत्रमानवाने बराच वेळ विचार केला, कारण सवय नव्हती. मग एक पाय चिखलात खुपसून त्याने मोजलं. एकराला एकर धरलं तर डोंगरावरच्या जंगलाच्या तिपटीहून जास्त कार्बन निघाला. त्याने दुरुस्त अहवाल तिथूनच पाठवला. तासाभरात कार्यालयाचं उत्तर आलं: दुरुस्ती मिळाली, आभार. पुढच्या वर्षीच्या अहवालात विचार होईल. खोदाई ठरल्याप्रमाणे.

सोमवारी खोदाई झाली. बांधावर काळ्या चिखलाचा ढीग उन्हात वाळू लागला. यंत्रमानव त्यातून निघणारा कर्बवायू मोजत होता. आजोबा खाडीकडे पाठ करून बसले. उर्मीने त्यांना जेवायला हाक मारली. ते हलले नाहीत.

दुपारी मशीन आणखी आत गेलं आणि सावकाश रुतायला लागलं. ड्रायव्हर डबा घेऊन बांधावर आला आणि शेवटची पोळी संपेपर्यंत बघत राहिला. मशीन काचेपर्यंत बुडालं होतं. ते काढायला दुसरं मशीन लागणार, तेही रुतणार, म्हणून वरची परवानगी हवी होती. अशी फाइल सुटायला सरासरी अकरा वर्षं लागतात, असं यंत्रमानवाने सांगितलं.

"तुमचा चाळीस वर्षांचा अभ्यास कुणी वाचला नाही," उर्मी म्हणाली, "आणि एक मशीन रुतलं तर काम थांबलं."

"विज्ञानाने नाही थांबलं गो बाय. वजनाने थांबलं," आजोबा म्हणाले.

उपसलेला चिखल लवकर भरून येणार नव्हता. त्याला पुन्हा शतकं लागणार होती. पण उरलेल्या खाडीत अकरा वर्षांत तीन-चार सेंटिमीटर नवा गाळ बसेल आणि त्यासोबत नवा कार्बनही, एवढं यंत्रमानवाने न विचारता सांगितलं.

"अकरा वर्षांनी मी तेवीस वर्षांची असेन," उर्मी म्हणाली. "त्याच कार्यालयात साहेब होईन."

"खुशाल हो. पण त्या खुर्चीत बसलं की चिखल दिसत नाही."

"मग खुर्ची इथे आणून ठेवीन."

"बुडेल गो."

"बुडू दे की. सावकाश बुडेल. तोवर माझं मोजून होईल."