चला बाळा, आई आली

ही गोष्ट ऐकून कोणी हसलं तरी माझी हरकत नाही. पण ती घडलेली आहे. माझ्या मावसबहिणीच्या, स्नेहलच्या बाबतीत. श्रीरामपुरात, गेल्या दिवाळीनंतर. तिने मला सगळं सांगितलं आणि सांगताना ती एकदाही रडली नाही.

मला त्याचीच जास्त भीती वाटली.

स्नेहल लहान मुलांच्या शिकवणीच्या एका कंपनीत शिकवायची. स्टेशनच्या बाजूला, मोबाईलच्या दुकानावर पहिला मजला. भिंतींना पिवळा रंग, त्यावर हसणारे हत्ती. शाळा सुटली की मुलं यायची आणि अंधार पडेपर्यंत बसायची.

कंपनीचे नियम होते. उत्तर चुकलं तरी 'शाब्बास' म्हणायचं. चेहरा हसरा ठेवायचा. मूल कोणतंही असो, त्याला 'बाळा' म्हणायचं.

सुरुवातीला ती हे मनापासून करायची. पुढे पुढे नुसतं तोंड हलायचं.

तिचा स्वतःचा ओम, चार वर्षांचा, शेवटच्या बाकावर बसून असायचा. घरी सांभाळायला कोणी नव्हतं.

सुटायची वेळ झाली की स्नेहल मोबाईलवर एक बटण दाबायची. सगळ्या पालकांचे फोन वाजायचे आणि त्यात तिचाच भरून ठेवलेला आवाज बोलायचा, "आई, वर्ग सुटला. बाळाला न्यायला या."

मुलं जिन्याच्या तोंडाशी रांगेत उभी राहायची. खाली आई दिसली की स्नेहल म्हणायची, "चला बाळा, आई आली."

तोवर एकाही मुलाने पायरी उतरायची नाही. हा नियम सगळ्यात कडक.

दिवाळीच्या सुट्टीत निकिता गेली. दुसरीतली मुलगी. डेंग्यू झाला होता.

स्नेहलला ते कळलं वर्ग पुन्हा सुरू झाला त्या दिवशी. ती एका मुलाला हातच्याची वजाबाकी शिकवत होती. बातमी ऐकली, मान हलवली, आणि मुलाकडे वळून म्हणाली, "शाब्बास बाळा."

संध्याकाळी तिने रोजच्यासारखं बटण दाबलं.

यादीतून निकिताचं नाव कोणी काढलंच नव्हतं...

एकेक आई आली. एकेक मूल उतरलं. रांग संपली.

खाली एक बाई उभीच होती. वर बघत.

रुपाली. निकिताची आई.

स्नेहलला काय बोलावं सुचेना. आणि मग तोंडाने आपलं रोजचं काम केलं.

"चला बाळा, आई आली."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, मोठ्याने गाणी लावून. गाणं मधेच थांबलं.

जिन्याच्या तोंडाशी आवाज आला... चर्रर्र. बुटाचा चिकटणारा पट्टा ओढून उघडावा तसा.

मग पावलं. छोटी. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

जिन्यात कोणीच नव्हतं.

खाली रुपाली वाकली. दप्तर खांद्यावर नीट करावं तसा तिचा हात हवेत फिरला. मग तोच हात थोडा लांब धरून ती चालू लागली. सावकाश. लहान पोरीच्या चालीने.

दुसऱ्या दिवशी स्नेहल शाखा सांभाळणाऱ्या गोरक्ष सरांकडे गेली.

"सर, निकिताचं नाव काढा."

"काढू की, मॅडम. पण वरच्या ऑफिसला मुलांचा आकडा दाखवायचाय. महिनाअखेरपर्यंत कळ काढा. बटणच दाबायचंय, खडी थोडीच फोडायचीय?"

"तिच्या आईला फोन जातो, सर. माझ्या आवाजात."

सरांचा चेहरा पडला. "अरे देवा... हां. बघतो."

बघितलं काही नाही.

त्या संध्याकाळी स्नेहल स्वतः खाली उतरली. "रुपालीताई, चूक आमची झाली. मी ते बटणच दाबणार नाही आता, बाकीच्यांना वेगळं कळवीन. फोन बंद होईल."

"बंद नका करू, मॅडम."

रुपालीचा आवाज अगदी साधा होता. भाजीचा भाव विचारावा तसा.

"लोकं म्हणत्यात, येडी झाली. म्हणू द्या. तुमी 'चला बाळा' म्हणलं का ती उतरती. रेल्वे फाटकापर्यंत माझ्यासंगं येती. मग हात हलका व्हतो."

रुपालीने जिन्याकडे पाहिलं.

"तुमाला बी लेकरू हाय ना?"

स्नेहलने वर पाहिलं. ओम जिन्याच्या तोंडाशी उभा होता. कोणाला तरी वाट द्यावी तसा भिंतीला चिकटून.

तिने फोन बंद केला नाही. रोज बटण दाबलं. रोज शेवटी एकदा जास्तीचं 'चला बाळा' म्हटलं. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. इतकी मुलं उतरत होती, त्यात आणखी एक.

महिना संपला. गोरक्ष सर खुशीत आले. "काढलं बरं का ते नाव. आता तरी मनापासून हसा, मॅडम!"

त्या दिवशी रुपाली आली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. स्नेहलने फोन लावला. बंद. रुपालीच्या शेजारी राहणारी एक पालक म्हणाली, "तिच्या भावाने तिला पारनेरला माहेरी नेलं. डोकं ठिकाणावर नव्हतं हो बिचारीचं."

इकडे रांग संपायची, आणि जिन्याच्या तोंडाशी...

चर्रर्र.

थोडा वेळ शांत.

पुन्हा चर्रर्र.

न्यायला कोणी आलं नाही की मुलं अशीच पट्टा काढतात, लावतात. स्नेहलला ते माहीत होतं. पण आई आलेलीच नाही, तर म्हणायचं काय? ती गप्प राहायची. दिवे बंद करायची, ओमला कडेवर घेऊन उतरायची.

एका संध्याकाळी तिचं अंग मोडून आलं होतं. दोन्ही हातांत पिशव्या. ती आधी खाली उतरली आणि वर उभ्या ओमला तिने हाक मारली.

"चला बाळा, आई आली."

शब्द तोंडातून गेले, आणि ती जागच्या जागी थिजली.

दोन जोडी पावलं उतरली.

ओम तिच्या शेजारून चालू लागला. त्याचा उजवा हात अंगापासून लांब होता. मूठ अर्धी मिटलेली.

स्नेहलची नजर फक्त त्या हाताकडे.

रेल्वे फाटक आलं.

फाटक मागे पडलं.

हात तसाच होता.

तिने नोकरी सोडली. ओम बरा आहे, जेवतो, खेळतो. ती मात्र त्याला हाक मारत नाही. असेल तिथे जाते आणि हाताला धरून आणते. एकदा त्याने विचारलं, "आई, तू मला बाळा का म्हणत नाहीस?"

"मोठा झालास आता."

"मग तिला तरी म्हण ना. ती कधीची वाट बघतेय."

स्नेहल हे सांगत होती तेव्हा ओम वर गच्चीवर खेळत होता. माझी मुलगीही. चहा झाला, अंधारून आलं, निघायचं म्हणून मी उठले आणि जिन्याशी जाऊन सवयीने तोंड उघडलं...

स्नेहलने माझ्या तोंडावर हात दाबला.

आम्ही दोघी वर गेलो. आपापलं मूल हाताला धरून खाली आणलं.

माझ्या मुलीचा दुसरा हात मी अजूनही रोज बघते.