भिंग्याकडे काळा रंग नाही

पांढऱ्या भिंतीवर उजेडानं काळा रंग काढायचाय. कसा काढाल? घाई करू नका. आमची अन्विता इथंच आपटली.

अन्विता म्हणजे माझी मावसबहीण. साल २०४७. चंद्रावरच्या वेधशाळेत महिनाभर राहायला फलटणमधून एकच मूल जाणार होतं. त्यासाठी ती कृष्णविवर (उजेडसुद्धा गिळणारी अवकाशातली जागा) समजावून सांगणार होती. मी नववीत सरांशी भांडून शाळा सोडली, त्यामुळं माझं नावच नाही. वर आई म्हणाली, "जा गं रेवा, टाळ्या तरी वाजव." मी पाय आपटतच शाळेत गेले.

परीक्षक दातारबाई येणार म्हणून माने सरांनी वर्गाच्या भिंतीला नवा चुना मारलेला, खिडक्या सताड उघड्या, दिवे सगळे चालू. पाहुण्यांपुढं अंधार कसा ठेवायचा! मधोमध भिंग्या उभा. हा शाळेचा रोबो, कपाळातच प्रोजेक्टर (भिंतीवर चित्र फेकणारं यंत्र) असलेला.

अन्वितानं खूण केली. भिंतीवर कृष्णविवर आलं. काळं कुठलं, जुन्या पायपुसण्यासारखं राखाडी!

"भिंग्या, काळा रंग वाढव ना!"

"माझ्याकडे तो नाहीच, ताई."

"बिघडलाय मेला," माने सर म्हणाले. "उजेड वाढव रे!"

भिंग्यानं वाढवला. कडेचे तारे लखलखले, पायपुसणं तसंच. अन्विता तेच वाक्य पुन्हा म्हणाली. दातारबाईंनी घड्याळ बघितलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात अन्वितानं विवर दाखवायला हात पुढं केला आणि हाताची सावली विवराला चिकटली. मी डोळे बारीक केले. दोन्हींचा रंग एकच! जोड कुठंय तेही कळेना.

मला उत्तर सापडलं होतं. गप्प बसले की अन्विता पडणार, आणि मी गप्पच बसणार होते. पण माने सर भिंग्याच्या कपाळावर थापट्या मारायला लागले आणि माझं डोकं फिरलं.

"त्याला काय मारताय सर? दिवे घालवा!"

"तू शाळा सोडलीस ना?"

"डोळे नाही सोडले!"

दातारबाई वळल्या. "बोल."

"सावलीत भिंग्याचा उजेड पोचत नाही. विवर अगदी तसंच दिसतंय, म्हणजे तिथंही तो काहीच फेकत नाहीये. काळं म्हणजे उजेड नसलेली जागा. पण खिडकीतला उजेड त्या जागेत घुसतोय, म्हणून ती राखाडी."

खिडक्या मीच धाडधाड लावल्या. दिवे गेले. विवर असं काळं झालं, की पुढच्या बाकावरची पोरं मागं सरकली.

"याला म्हणतात कॉन्ट्रास्ट (उजळ आणि गडद यांतला फरक)," भिंग्या म्हणाला. "शेजारी तारे लख्ख आहेत, म्हणून डोळ्यांना काळं आणखी काळं वाटतं."

मग अन्विता असली भारी बोलली! निवड तिचीच झाली. टाळ्या मी वाजवल्या नाहीत.

ती दारात आडवी आली. "रेवे, तू का सांगितलंस?"

"तुझ्यासाठी नाही सांगितलं."

"माहितीये. पण मला ती सावली दिसलीच नव्हती गं."

मी वळले. तडक ऑफिसात गेले आणि सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता परीक्षेला बसायचा अर्ज) मागितला. चंद्रावर उजेड पसरवायला हवा नाही, म्हणून भर दिवसाही आकाश काळंच असतं. ते अन्विता माझ्याआधी बघणार. बघू दे. तिला काय काय दिसलं नाही, ते मी जाऊन बघीन.