रुमाल टाकून धरलेली जागा

ज्या वर्षी आमच्या धाकटीचं लग्न झालं, त्याच वर्षी हे घडलं.

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण यात एक टाकाही मी पदरचा घातलेला नाही. आणि रात्रीबित्रीची गोष्ट नाही ही. भरदुपारी घडलेली आहे. माणसांनी भरलेल्या डब्यात.

म्हणूनच तर मला अजून धड झोप लागत नाही.

मी शिंपी. उभा जन्म मशीनवर गेला. लिहायला-वाचायला फार उशिरा शिकलो, तेही थोरल्या लेकीकडून. दुकान आवरलं की ती शिवणाच्या खडूने चिंधीवर अक्षरं काढायची आणि मी गिरवायचो.

"बाबा, हा क आहे की शर्टाचं काज?" म्हणायची आणि हसायची.

तिला आम्ही टाचणी म्हणायचो. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार.

पुढे टाचणी परदेशात एका कारखान्यात लागली. तिथल्या रेल्वेच्या सीटची कव्हरं शिवायची. बरं चाललं होतं. मग तिला धाप लागायला लागली. हृदयाची झडप बिघडली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, पण काळजीचं काही नाही. धाकटीला सासरी पाठवलं आणि आम्ही दोघं नवरा-बायको तिच्याकडे गेलो. पोरीला एकटीला कसं सोडायचं?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी टाचणी सकाळीच शेजारच्या शहरात गेली. तिथे काही तपासण्या होत्या. दुपारी तिच्या घरमालकिणीने आम्हाला गाडीत बसवून दिलं. टाचणी त्या शहराच्या स्टेशनवर आमच्या डब्यात चढणार आणि मग तिघं मिळून शेवटच्या स्टेशनला, मोठ्या हॉस्पिटलात जाणार, असं ठरलं होतं.

निघताना तिचा फोन आला होता.

"बाबा, माझ्यासाठी खिडकीची जागा धरा हं!"

चेष्टाच करत होती. तिथे कोणी जागा धरत नाही. पण मला सवय. आमच्याकडे एसटी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेला माणूस मी.

आम्हा दोघांच्या समोर एकच सीट होती, खिडकीपाशी. तिच्या बाजूला सामान ठेवायचं कपाट. मी खिशातून रुमाल काढला आणि त्या सीटवर पसरला. पांढरा रुमाल, कडेला लाल दोऱ्याची शिवण. मीच घातलेली.

"अहो, काय हे! लोक हसतील," बायको म्हणाली.

"हसू देत. लेकीला जागा नको?"

गाडी सुटली. बाहेर धुकं होतं. डब्यात गर्दी बरीच होती, पण आवाज नाही. इतकी माणसं आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. फक्त चाकांचा खडखडाट...

थोड्या वेळाने एक म्हातारा आला. काठी टेकत. बसायला जागा शोधत होता. आमच्या समोरच्या सीटपाशी थांबला. सीटकडे बघितलं. टोपीला हात लावला, त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटला आणि पुढे गेला.

"बघितलंस?" मी बायकोला म्हटलं. "रुमालाला इथेही मान आहे."

ती हसली नाही.

"अहो... तो रुमालाकडे नाही बघत होता."

"मग?"

"वर बघत होता. माणसाच्या तोंडाकडे बघतात ना, तसं."

मी सीटकडे बघितलं.

रिकामी.

पण मी शिंपी आहे. कापड कसं पडतं, हे मला सांगावं लागत नाही. मघाशी त्या सीटचं कव्हर ताणून बसवलेलं होतं, एक सुरकुती नव्हती. आता मधोमध ते दबलं होतं. आणि तिथून चारी कोपऱ्यांकडे चुण्या गेल्या होत्या.

कोणी बसलं की जातात, तशा.

"स्प्रिंग ढिली असेल," मी म्हणालो.

बायकोने पाय मागे ओढून घेतले.

मला उगीच वाटलं, रुमाल काढून घ्यावा. मी वाकलो, रुमालाचं टोक धरलं आणि ओढलं.

आला नाही.

पुन्हा ओढला...

कोणाच्या तरी अंगाखाली कापड अडकल्यावर जसं हाताला लागतं, अगदी तसं लागलं. जरा जोर केला असता तर लाल शिवण उसवली असती. मी टोक सोडून दिलं. बोटं बर्फासारखी गार पडली होती.

तेवढ्यात गाडी थांबली. टाचणीचं स्टेशन आलं होतं.

ती चढली. चेहरा ओढलेला, पण आम्हाला बघून फुलली. आईच्या गळ्यात पडली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय हो बाबा? माझी जागा कुठंय?"

"ही काय. रुमाल दिसत नाही का?"

तिने सीटकडे बघितलं आणि एकदम आवाज खाली आणला.

"हळू बोला ना! रुमालावर तर त्या बाई बसल्यात."

"कोण बाई?" बायकोने विचारलं.

"आई, चेष्टा नको. इतक्या म्हाताऱ्या बाईला कशाला उठवायचं? मी उभी राहते."

"अगं, रिकामी आहे सीट!" मी म्हणालो आणि दाखवायला हात पुढे केला.

टाचणीने माझं मनगट घट्ट पकडलं.

"बाबा! त्यांच्या मांडीवर हात ठेवताय!"

ती चेष्टा करत नव्हती. लेकीचा चेहरा बापाला कळतो.

मी उठलो. "तू माझ्या जागेवर बस. इथे, आईजवळ."

पण ती ऐकत नव्हती. तिने मान तिरकी केली होती, समोरचं माणूस हळू बोलत असलं की आपण करतो तशी. डब्यात कोणाचाच आवाज नव्हता. मला तर काहीच ऐकू आलं नाही. ती मात्र मधूनमधून मान हलवत होती.

"काय गं? काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही आई. फार चांगल्या आहेत. म्हणतायत... तुझीच जागा आहे ही. तू येईपर्यंत मी नुसती धरून बसले होते."

आणि माझ्या डोळ्यांदेखत...

सीटवरच्या चुण्या सुटल्या. कव्हर हळूहळू वर आलं आणि पुन्हा सपाट झालं. रुमालाचं टोक आपोआप हललं.

"टाचणी, तिथे बसू नकोस!" मी ओरडलो. डब्यातली माणसं वळून बघायला लागली.

पण ती बसलीसुद्धा. खिडकीला डोकं टेकलं. रुमाल उचलून मुठीत घेतला.

"किती गार आहे हो ही सीट," एवढंच म्हणाली. मग कव्हरच्या शिवणीवरून बोट फिरवलं. "आमच्याच कारखान्यातलं कव्हर आहे. बघा ना, किती सरळ टीप आहे."

"ती बाई कुठे गेली?" मी विचारलं.

"दाराकडे गेल्या."

मी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. गाडी भरधाव चालली होती. काचेबाहेर नुसतं धुकं.

त्यानंतर शेवटच्या स्टेशनपर्यंत टाचणी मधेच दचकून विचारायची, "आई, मी दिसतेय ना तुला?"

"दिसतेस गं बाळा. अशी काय बोलतेस?"

शेवटच्या स्टेशनवर उतरलो. प्लॅटफॉर्मवर पुढे गर्दी जमली होती. दोन माणसं कोणाला तरी स्ट्रेचरवरून उतरवत होती. तोंडावर चादर ओढली होती. स्ट्रेचरवर, पायांपाशी, एक काठी ठेवली होती.

बायकोने माझा हात आवळला. काठी आम्ही दोघांनीही ओळखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणीला आत नेलं. नर्स तिच्या मुठीतला रुमाल मागत होती, ही देईना. शेवटी नर्सने मान डोलावली. जाताना टाचणी आईला म्हणाली, "उठले की मला भात लागेल हं. इथलं काही नको."

दुपारी डॉक्टर बाहेर आले. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली...

तेव्हा कळलं.

तिला तिथेच अग्नी दिला. परतीच्या गाडीत मी, बायको आणि हॉस्पिटलने दिलेली टाचणीची पिशवी. धुकं तसंच. समोर पुन्हा एक रिकामी सीट. मी तिकडे बघतही नव्हतो.

बायकोने पिशवी उघडली. रुमाल काढला. नीट झटकला आणि समोरच्या सीटवर पसरला.

गाडी सुटली. मी डोळे मिटून घेतले. उघडले, तेव्हा कव्हर मधोमध दबलं होतं. चुण्या कोपऱ्यांकडे गेल्या होत्या. फार खोल नाहीत. बारीक अंगाचं माणूस बसल्यासारख्या.

बायको त्या चुण्यांकडे बघून रडत होती. मी रुमालाला हात लावून बघितला. हलला नाही.

आमचं स्टेशन आलं. सगळे उतरले. रुमाल सुटेना. तेव्हा बायको खाली वाकली आणि मऊ आवाजात म्हणाली, "ऊठ गं राणी. घरी जायचंय ना?"

चुण्या सुटल्या. रुमाल अलगद हातात आला.

ती आमच्याबरोबर परदेशातून इकडे घरी आली.

माझ्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक गादीचं स्टूल आहे. रुमाल मी त्यावर पसरला आणि तिथे चुण्या दिसायला लागल्या. मला टाचणी कधी दिसली नाही. फक्त चुण्या. तरी बायको रोज त्या स्टुलाशी बोलायची. मीही बोलायचो. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

मग एके दिवशी समोरचा इस्त्रीवाला आला. गडी कधी उभा राहायचा नाही, आला की स्टुलावर बूड टेकून तासभर गप्पा. त्या दिवशी दारातच थांबला.

"बस की," मी म्हटलं.

"नको मास्तर, ताई बसल्यात ना. कधी आली लेक परदेशातून?"

माझ्या हातातली कात्री खाली पडली. टाचणी गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. तो गावाला गेला होता.

मला तो काठीवाला म्हातारा आठवला. मी कात्री उचलून पुन्हा कापडाला लावली. काय सांगायचं आणि कसं? त्याच आठवड्यात इस्त्रीवाला कोळसे फुंकता फुंकता कोसळला, तो उठलाच नाही.

त्यानंतर दुकानात कोणी आलं की मी आधी त्याचे डोळे बघायचो. स्टुलाकडे जातात का... गेले तर कुठे थांबतात... सीटवर, की जरा वर?

अशी बरीच वर्षं गेली.

एक दिवस दुपारी बायको जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. रोजच्यासारखी स्टुलापाशी गेली. आणि थबकली.

"अगं बाई," ती म्हणाली. "किती वाळलीस गं!"

मी मशीन थांबवलं.

"अहो, बघा ना. ही हसतेय. म्हणते, आई, ये. तुझीच जागा धरून बसलेय."

"बसू नकोस," मी म्हणालो. "तुझ्या पाया पडतो. बसू नकोस."

बायकोने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तेच मला सहन होईना.

"इतकी वर्षं लेकरू एकटं बसलंय हो तिथे," ती म्हणाली.

चुण्या सुटल्या. गादी वर आली. आणि बायको बसली.

मी धावत दारात गेलो. रस्त्यावर ऊन होतं, भाजीची गाडी होती, शाळेतून येणारी पोरं होती. टाचणी कुठे गेली असेल? ती परदेशातली म्हातारी तरी कुठे गेली होती? काचेबाहेर तर नुसतं धुकं होतं.

आता स्टुलावरच्या चुण्या खोल आहेत. माझी बायको अंगाने भरलेली होती. टाचणीला कुठे शोधायचं, हे मी त्या चुण्यांना रोज विचारतो. उत्तर येत नाही. रुमाल खाली तसाच अडकलेला आहे, लाल शिवण बाहेर दिसते. मी ओढत नाही.

रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तिकडे बघतो. सीटवर नाही, जरा वर.

अजून मला कोणी दिसत नाही.

माझी थोरली लेक धाकटीच्या लग्नाच्या वर्षी, थंडीत, ऑपरेशनच्या टेबलावर गेली. आणि तिची आई गेली ती धाकटीच्या मुलाचा पहिला दात पडला त्या आठवड्यात, मंगळवारी, माझ्या दुकानात, डबा उघडायच्या आधी.