नाव घालायला दिलेला तांब्या

रविवारी सकाळी साडेसहाला रविवार कारंजावर एकवीस जण जमले. नाशिकचा पारा सातवर होता. बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. जुनं नाशिक फिरवून दाखवणाऱ्या सायलीने बोटाने माणसं मोजली आणि सोमनाथपाशी थांबली. "काका, कानटोपी तरी घालायची! नाव काकूंच्या फोनवरून नोंदवलंत ना, त्या कुठायत? मागच्या वर्षी सगळ्यांच्या पुढे त्याच होत्या."

"गेली ती. श्रावणात."

सायलीने मोजणी पुढे नेली.

मागच्या हिवाळ्यात उज्वला या फेरीला एकटीच आली होती. "एकदा माझ्यासाठी उठा की हो," म्हणाली होती. सोमनाथने पांघरूण डोक्यावर ओढलं होतं. "जुन्या भिंती काय बघायच्या? तू ये बघून." ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं सुटे भाग मोजून पास करणारा माणूस तो. मापात बसेल तेच खरं.

पण परवा तिच्या पर्समध्ये एक चिठ्ठी निघाली. भांडीबाजारातल्या दुकानाची, त्या फेरीच्या तारखेची. 'तांब्या एक. नाव घालायचं. न्यायला हे येतील.' अक्षर तिचंच. तिने आपल्यासाठी काहीतरी मागे ठेवलंय, एवढ्या एका आशेवर तो आज उठला होता.

सरकारवाड्याच्या पायऱ्यांपाशी त्याला ठोके ऐकू आले. टक, टक, टक. भांड्यावर नाव घालताना येतात तसे, बारीक.

"एवढ्या सकाळी कोण ठोकतंय?" त्याने शेजारच्या शुभांगीताईंना विचारलं.

"मला नाही बाई ऐकू येत. आमच्या यांचे दात वाजत असतील."

सगळे हसले. ठोके चालूच राहिले.

पुढच्या वळणावर सायलीने पुन्हा मोजलं. "एकोणीस, वीस..." कपाळाला आठी घालून तिने परत सुरुवात केली. सोमनाथने हात वर केला.

"अय्या, काका! तुम्ही राहूनच जाताय."

टपरीवरून चहा आला. वीस कप. त्याने मागितला नाही.

भांडीबाजार बंद होता. एकाच दुकानाची फळी उघडी होती. मंडळी पुढे गेली, सोमनाथ आत शिरला. ठोके थांबले.

"या," छिन्नी बाजूला ठेवत म्हातारा म्हणाला. "बाई म्हणाल्या होत्या, थंडीत याल."

त्याने पितळी तांब्या फडक्याने पुसून पुढे केला. ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं होती.

'कै. सोमनाथ यांच्या स्मरणार्थ. उज्वलाकडून.'

वर्षश्राद्धाला नातेवाइकांत वाटतात तसलं भांडं. उज्वलाच्या नावाची तर अजून वाटायची होती.

"चूक झालीय बाबा. गेली ती. नाव तिचं हवं."

"बाईंनी समोर बसून घालून घेतलं. दोनदा वाचलं."

खाली तारखेची जागा कोरी होती. सोमनाथने त्यावरून अंगठा फिरवला.

"ही का नाही घातली?"

"म्हणाल्या, ते आले की त्यांनाच विचारा."

बाहेर सायली मोजत होती. "एकोणीस, वीस. चला, आले सगळे."

यावेळी त्याने हात वर केला नाही. पावलं लांब गेली.

म्हाताऱ्याने छिन्नी टेकवली आणि वर पाहिलं.

"बोला. तारीख?"

इंदिरानगरचं घर सोमनाथच्या डोळ्यांपुढे आलं. ओट्यावर एक कप, एक ताट.

तो फळीवर टेकला. त्याने आजची तारीख सांगितली.

थंडी कमी झाली नव्हती. म्हाताऱ्याच्या तोंडातून वाफ येत होती. सोमनाथच्या तोंडातून आली नाही.