बंदराच्या तळाशी गेलेली शिट्टी

"मी त्या बाईंना दरीत बोलावलं नाही," कॉलिन ड्रूरी हातातली टोपी चुरगाळत म्हणाला. "पण सोमवारी माझी नोकरी जाणार, होगनबाई."

मर्ल होगनने चहा पुढे सरकवला. लोक अडचणी घेऊन तिच्याकडे येत आणि अवघड कोड्यांची उत्तरं तिला चहाबरोबरच सुचत. शेजारचा डेस, फेरीबोटीवरचा निवृत्त खलाशी, तिच्याच बशीतला टोस्ट खात होता.

अकरा वर्षं कॉलिन पाहुण्यांना सकाळी सिडनीचं बंदर नि दुपारी डोंगरातलं रान दाखवत होता. तीन शिट्ट्या म्हणजे 'माझ्याकडे या'. गुरुवारी पाहुण्यांपैकी पेट्राकिसबाई शिट्ट्यांमागे दरीत उतरल्या, पाय मुरगळला, तीन तासांनी सापडल्या. त्या वेळी कॉलिन एकटाच पुढची पायवाट तपासायला गेलेला. त्यानेच थट्टा केली, असं सहल कंपनीच्या मालकीणबाई धरून बसल्या होत्या.

"शिट्टी वाजव बघू."

कॉलिनने खिशातली नारिंगी प्लास्टिकची शिट्टी फुंकली. सपाट, कर्कश. डेसने कान झाकले.

मर्ल आणि डेस भेटायला गेले तेव्हा पेट्राकिसबाई पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. "मी खोटं बोलत नाही, पोरी."

"कोण म्हणतं? ऐकलंत ते क्रमानं सांगा."

"तीन शिट्ट्या. पितळी, आत दाणा खुळखुळणारी. तीस वर्षं शाळेत खेळ शिकवलेत मी, शिट्टी मला कळते. मग कॅमेऱ्याचा खटका. मग तो कूकाबुरा पक्षी माणसासारखा हसला. पुन्हा शिट्ट्या."

"सगळं एकाच जागेवरून?"

"त्या उंच नेच्यांच्या मागून. गेले तर माणूस नाही. माती तेवढी ताजी उकरलेली."

बाहेर येताच डेस कुजबुजला, "मर्ल, तिथे काहीतरी पुरलंय!"

"तुझी अक्कल असेल."

सहलीच्या बसचा चालक ब्रूनो काचा पुसत होता.

"तुझ्याकडे शिट्टी आहे?"

"माझ्याकडे भोंगा आहे, बाई! गुरुवारी तर मी अठराजणांना चहा-केक वाढत होतो, विचारा त्यांना."

"कॉलिनकडे कधी पितळी शिट्टी होती का?"

"ती बुडाली की! ईस्टरला, फेरीबोटीच्या कठड्यावरून. सगळे बघत होते. बिचारा तासभर पाण्याकडे बघत बसला."

रविवारी सकाळी, जुलैच्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या, बोचऱ्या थंडीत, मर्लने मालकीण गिलिसबाईंना दरीच्या तोंडाशी आणून उभं केलं. कॉलिन खाली मान घालून होता.

"पेट्राकिसबाईंनी ऐकली ती पितळी शिट्टी," मर्ल हळू आवाजात म्हणाली. "ती ईस्टरपासून बंदराच्या तळाशी आहे. कॉलिनच्या नव्या शिट्टीत दाणाच नाही. ब्रूनो अठराजणांसमोर होता. मग ती वाजवली कुणी?"

"भुतानं?" डेस म्हणाला.

"भूत माती उकरून किडे खात नाही. शिट्टी, खटका, कूकाबुरा, सगळं एकाच गळ्यातून आलं. अकरा वर्षं इथे रोज शिट्टी वाजली, रोज फोटो निघाले. कुणीतरी मन लावून शिकलं. थंडी हा त्याचा गाण्याचा हंगाम."

"लायर पक्षी! ऐकेल त्या आवाजाची नक्कल करतो तो," कॉलिन पुटपुटला.

नेच्यांमागून तीन शिट्ट्या आल्या. दाण्यासकट. मग खटका. तपकिरी पक्ष्याने वीणेसारखी शेपटी डोक्यावर पसरली आणि मग तो माती उकरू लागला.

कॉलिनचे डोळे भरून आले. हरवलेली शिट्टी अशी पुन्हा भेटेल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गिलिसबाई कॉलिनकडे वळल्या. "चुकले मी, कॉलिन. उद्या सातला जेटीवर ये. पण शिट्टी बंद. पाहुण्यांना बोलवशील कसं?"

"नावानं," मर्ल म्हणाली. "माणसं आहेत ती, मेंढ्या नव्हेत."

त्या संध्याकाळी कॉलिनने उद्याच्या पाहुण्यांची यादी मागून घेतली आणि एकवीस नावं पाठ करायला बसला.