माळ्यावरची बॅग

“माझाच तोल गेला हो... स्टुलावरून घसरले मी!” जमिनीवर विव्हळत पडलेल्या वहिनीनं नवऱ्याला सांगितलं, आणि बॅग हातात घेऊन उभी असलेली नणंद तिच्याकडे बघतच राहिली.

खरं काय ते त्या दोघींनाच ठाऊक होतं. सकाळी क्षुल्लक कारणावरून खटका उडाला होता. “पुरे झाले तुझे उपकार, मी आजच हॉस्टेलवर राहायला जाते!” असं ही फणकारली, ती जाऊ नये म्हणून वहिनी स्टुलावर चढून तिची भरलेली बॅग माळ्यावर आत सरकवू लागली, आणि हिनं संतापाच्या भरात ती हिसकली! जिनं स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर सोडून या आईविना पोरीला नर्स केलं, तिच्याच खुब्याच्या वाटीचे हिनं तुकडे केले होते...

ऑपरेशन थिएटरमध्ये या नणंदेला सगळे कौतुकानं ‘बर्फवाल्या सिस्टर’ म्हणत. आपला मूळ आकार न विसरणाऱ्या धातूची क्लिप ती बर्फाच्या पाण्यात मऊ करायची, तिचे आकडे फाकवायची आणि चिमट्यानं झटकन सर्जनच्या हाती द्यायची. हाडावर बसवून कोमट सलाइन ओतलं, की क्लिप पुन्हा मिटून तुकडे घट्ट धरायची. “घरचा पेशंट आहे, बाहेर थांबा,” असं सर्जननी बजावूनही आज वहिनीच्या ऑपरेशनला ती हट्टानं उभी राहिली. पण वहिनीच्या जखमेकडे नजर गेली, भान हरपलं, आणि क्लिप तिनं मुठीतच धरली... हाताच्या उबेनं ती तिथंच मिटली!

“सिस्टर! नवशिकेसुद्धा असं करत नाहीत!”

“चुकले, सर...” तिनं क्लिप पुन्हा बर्फात बुडवली, आकडे फाकवले आणि या वेळी चिमट्यानंच दिली. वाटीचे तुकडे जुळले. तिच्या काळजातला सल मात्र जागचा हलला नाही.

तिसऱ्या दिवशी दादानं कॉटशी बसून बायकोला विचारलं, “पण स्टुलावर चढलीसच कशाला?”

“जळमटं काढत होते...”

वहिनी पुन्हा खोटं बोलली, तेही हिच्यासाठी! आता मात्र हिचा बांध फुटला.

“दादा, मी पाडलं तिला! बॅग मी ओढली!”

दादानं तोंड फिरवलं. वहिनीनं मोठ्या कष्टानं हात लांबवून नणंदेचं मनगट धरलं.

“तिनं ओढली, कारण मी सोडत नव्हते,” ती नवऱ्याला म्हणाली. मग हिच्याकडे वळली. “कुठे आहे गं ती बॅग?”

“दारातच पडलीय...”

“मग घरी गेलीस की रिकामी कर. मला आता स्टुलावर चढता येणार नाही.”